पलटणीतला पाद्री आणि त्याचा पगार

युद्धात पाद्री काय करतो? मरणाऱ्याजवळ बसतो, मेलेल्याला मूठमाती देतो, सैनिकाचे पत्र लिहून देतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) कृष्णवर्णीय पलटणींच्या पाद्र्यांनी आणखी एक काम केले : गुलामीने ज्यांना अक्षर नाकारले, त्या सैनिकांना लिहाय-वाचायला शिकवले. पण त्यांची स्वतःची किंमत काय होती?

पाद्र्याचा पगार महिना १०० डॉलर. ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे कृष्णवर्णीय पाद्री सॅम्युएल हॅरिसन यांना देऊ केले फक्त १०. आधार १८६२च्या कायद्याचा. त्यात काळ्या माणसाला मजुराचाच दर होता. हॅरिसन यांनी ते पैसे नाकारले. एप्रिल १८६४मध्ये महान्यायवादी बेट्स यांनी पूर्ण पगाराचा निर्वाळा दिला. जूनमध्ये काँग्रेसने कृष्णवर्णीय सैनिकांचे समान वेतन मान्य केले.

देवापुढे सारे समान, असे सांगणाऱ्यालाही पगारपत्रकावरची समानता भांडूनच घ्यावी लागली.