तगर: राजवाडा नसलेली राजधानी

नवव्या ते तेराव्या शतकांत शिलाहारांची तीन घराणी राज्य करत होती. एक ठाण्याच्या बाजूला, दुसरे दक्षिण कोकणात आणि तिसरे कोल्हापूर-पन्हाळ्याकडे. त्यांच्या ताम्रपटांत बिरुदांची लांबलचक माळ असते आणि तिच्यात एक बिरुद हमखास सापडते: ‘तगरपुरवराधीश्वर’. तगर या श्रेष्ठ नगराचे आम्ही स्वामी, असे हे राजे अभिमानाने सांगत. प्रत्यक्षात त्यांच्या काळात तगर आधी राष्ट्रकूटांच्या आणि मग कल्याणीच्या चालुक्यांच्या मुलखात होते. म्हणजे राजे कोकणात आणि कोल्हापुराकडे, राजधानी दूर मराठवाड्यात, आणि ती दुसऱ्याच्याच ताब्यात.

त्यांची वंशावळही तशीच अद्भुत. मूळपुरुष जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजकुमार. नागाचा जीव वाचवावा म्हणून तो स्वतः शिळेवर जाऊन बसला आणि गरुडाचे भक्ष्य व्हायला तयार झाला, अशी ती कथा. म्हणून शिलाहारांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड. वंश परीकथेतला असला तरी बिरुदातले नगर मात्र खरे आहे. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी ते आजही नांदते आहे. त्याचे नाव तेर.

कथेतले तेरापूर

तगरभोवती कल्पनेचे राज्य उभे करणारे शिलाहार एकटे नव्हते. अकराव्या शतकाच्या सुमारास कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. त्यातला नायक करकंड हा चंपानगरीचा राजा. दक्षिणेच्या स्वारीवर असताना त्याचा तळ तेरापुराजवळ पडतो. तिथला राजा शिव त्याला जवळच्या डोंगरातल्या लेण्याची आणि एका वारुळाची हकीकत सांगतो. एक हत्ती रोज त्या वारुळाला कमळ वाहतो. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती निघते. पुढे करकंड तिथे आणखी लेणी कोरवतो.

या काव्यातली लेणी म्हणजे धाराशिव शहराबाहेरची, आज ‘धाराशिव लेणी’ म्हणून ओळखली जाणारी लेणी, असे अभ्यासक मानतात. तिथे पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. ही लेणी मुळात बौद्ध होती आणि नंतर जैनांकडे आली, असे एक मत. पहिल्यापासून जैनच, असे दुसरे. वाद काहीही असो, कवीने खऱ्या डोंगराला आणि खऱ्या गावाला कथेची झालर लावली, एवढे निश्चित.

नकाशावर तगर शोधताना

या गावाचा सर्वांत जुना आणि सर्वांत रोखठोक उल्लेख राजाचा नाही, कवीचा नाही, व्यापाऱ्याचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ ही समुद्रप्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. त्यात तो सांगतो की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची चढाओढ लागली होती. कुणी देवगिरी म्हणाले, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर, कुणी धारूर. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे साधार मांडले. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी गावात येऊन इथल्या मंदिरांची आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांची नोंद केली. 1958 मध्ये बा. ना. चापेकर यांनी इथे उत्खनन केले आणि नंतरच्या दशकांतही वेगवेगळ्या चमूंनी खोदकाम केले. आता ओळखीबद्दल शंका उरलेली नाही.

‘पेरिप्लस’चा हिशेब ताडून पाहण्याजोगा आहे. पैठण ते तेर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. दहा दिवसांनी भागले तर रोजचे पंधरा किलोमीटर, म्हणजे भरल्या बैलगाडीची चाल. दिशा त्याने पूर्व सांगितली, खरी ती आग्नेय आहे. ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या दर्यावर्दी माणसाची एवढी चूक पोटात घालायला हरकत नाही.

विणकरांची आळी

मग या नगरात लोक राहत कसे, करत काय? सुरुवात विणकरांपासून करावी लागते, कारण तगरचे नाव परदेशी गेले ते कापडामुळे. ‘पेरिप्लस’ म्हणतो, पैठणहून भडोचला गोमेदासारखे खडे जातात आणि तगरहून जाडेभरडे कापड भरपूर, शिवाय तऱ्हेतऱ्हेची तलम मलमल. समुद्रकाठच्या भागातून तगरला आलेला मालही याच वाटेने पुढे जाई. रस्ते नीट नसलेल्या मुलखातून हा सगळा माल गाड्यांवर लादून नेत.

एवढ्या कापडामागे किती हात असतील, याचा विचार करावा. काळ्या जमिनीतला कापूस वेचणारे, सरकी काढणारे, पिंजणारे, सूत काततच दिवस घालवणाऱ्या बायका, मागावर बसणारे, रंगवणारे, गाठोडी बांधणारे आणि शेवटी गाडीवान. राजाच्या दरबारात यांतला एकही दिसत नाही, पण नगर चाले ते यांच्या जिवावर.

हे विणकर गरीब, विखुरलेले कारागीर होते असे समजू नये. त्या काळच्या कारागिरांच्या संघटना कशा होत्या हे नाशिकच्या लेण्यांतला, एका राजाचा जावई असलेल्या उषवदाताचा शिलालेख सांगतो. त्याने 2000 कार्षापण एका विणकर संघाकडे दरमहा शेकडा एक दराने आणि 1000 कार्षापण दुसऱ्या विणकर संघाकडे शेकडा पाऊण दराने कायमची ठेव म्हणून ठेवले. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च भागवायचा होता. राजाचा जावई पैसा विणकरांकडे ठेवतो, यावरून त्यांची पत कळते. नाशिक-जुन्नरच्या लेखांत कुंभार, तेली, कासार, बुरूड आणि धान्य व्यापारी यांचेही संघ येतात. सातवाहनांच्या मुलखातले तगरही याच व्यवस्थेतले नगर होते.

मणी, बांगड्या आणि मातीचे रोमन नाणे

तेरच्या पांढरीत पाऊस पडून गेला की मणी वर येतात. अकीक, कार्नेलियन, काच, माती: सगळ्या जातींचे. शंखाच्या बांगड्यांचे तुकडेही सापडतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, तरी तगरच्या बाईच्या मनगटात शंखाची बांगडी होती.

सर्वांत मजेची वस्तू म्हणजे रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला. वर सम्राटाच्या मुद्रेसारखा छाप आणि ओवायला भोक किंवा कडी. सोन्याचे खरे नाणे परवडत नव्हते त्यांनी मातीचे गळ्यात घातले. परदेशी फॅशनची नक्कल करायची हौस दोन हजार वर्षांपूर्वीही होती आणि ती पुरवणारा कारागीरही शेजारच्याच आळीत होता.

हस्तिदंताचे कोरीव काम हा तगरचा आणखी एक मान. इथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाहिली की इटलीतल्या पॉम्पेई शहराची आठवण निघतेच. 79 साली व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या शहरात 1938 मध्ये अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही त्याच धाटणीचा नमुना मिळाला आहे. त्यामुळे पॉम्पेईची मूर्ती दख्खनमधून गेली असावी, असे काही अभ्यासक म्हणतात. तिच्यावरच्या खरोष्ठी अक्षरामुळे इतरांचा कल वायव्य भारताकडे आहे. मूर्तीचे माहेर ठरायचे तेव्हा ठरेल. तेरच्या कारागिराचा हात त्या तोडीचा होता, हे मात्र डोळ्यांना दिसते.

कुंभारवाडा

तगरची माती आणि तिचे कारागीर हा स्वतंत्र अध्याय आहे. दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ आणि वजनाला हलक्या मातीच्या मूर्ती इथे विपुल मिळाल्या. काही केओलिन या पांढऱ्या मातीच्या आहेत. त्यांच्या डोक्यावरच्या केशरचना, कानांतली जड भूषणे आणि कमरेच्या मेखला पाहिल्या की त्या काळच्या नटण्यामुरडण्याचा अंदाज येतो. लज्जागौरीच्या लहान प्रतिमाही आहेत. घरातल्या लेकुरवाळेपणासाठी केलेल्या पूजेशी त्यांचा संबंध जोडला जातो.

इथल्या मातीच्याच विटांनी नगर बांधले गेले. उत्खननात विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. गावातले त्रिविक्रम मंदिर विटांचेच आहे. मागची बाजू अर्धगोल, वर गजपृष्ठासारखे छत. ही बौद्ध चैत्यगृहाची घडण आहे. आज आत विष्णूचे त्रिविक्रम रूप उभे आहे. आंध्रातल्या चेजर्लाचे कपोतेश्वर मंदिर याच धर्तीचे. असे उभे राहिलेले विटांचे चैत्य भारतात बोटांवर मोजण्याइतकेच. उत्तरेश्वर मंदिरही विटांचे, त्याची कोरीव लाकडी चौकट प्रसिद्ध आहे. तेरच्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात इतक्या सच्छिद्र आणि हलक्या आहेत.

रोमशी व्यापार आटला, सातवाहन गेले, तरी तगर ओस पडले नाही. पुलकेशी दुसरा याच्या 612 च्या ताम्रपटात तगरच्या रहिवाशाला दान दिल्याची नोंद आहे. पुढे तेराव्या शतकात याच गावात गोरोबाकाका झाले. ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन, संतमंडळींत वडीलधारे आणि धंद्याने कुंभार. थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांना कच्चे मडके ठरवणारी त्यांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी असते आणि तेरला यात्रा भरते. ज्या गावाने मातीचे एवढे काम केले, त्या गावाचा संत कुंभार असावा, हे फार शोभून दिसते.

राजवाडा कुठे आहे?

राजधानी म्हटली की आपण राजवाडा शोधू लागतो. तेरला स्तूप मिळाला, चैत्य मिळाला, नाणी, साचे, मणी, दिवे, रांजण मिळाले. राजवाड्याची मात्र ओळख पटलेली नाही. सातवाहनांची राजधानी पैठण होती आणि शिलाहारांनी तगर फक्त बिरुदात मिरवले. म्हणून माझे मत असे की तगरला मोठेपण राजांनी दिले नाही. उलट राजांनीच तगरचे मोठेपण उसने घेतले. ते कमावले होते विणकरांनी, कुंभारांनी, मणिकारांनी आणि पैठणच्या वाटेवर बैल हाकणाऱ्या गाडीवानांनी.

हा ठेवा जपला तोही एका गावकऱ्याने. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात आणि ओढ्याकाठी उघड्या पडणाऱ्या वस्तू हौसेने आणि चिकाटीने गोळा केल्या. त्यातूनच आजचे त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय उभे राहिले.

तुळजापूरला दर्शनाला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करावी, संग्रहालय, त्रिविक्रम आणि गोरोबांची समाधी पाहावी. आणि तेरच्या पांढरीत मणी किंवा खापर दिसले तर ते खिशात घालू नये, विकत तर मुळीच घेऊ नये. वस्तू कुठे आणि कोणत्या थरात होती, हे कळले तरच ती काही सांगते. टेकाडांवर घरे आणि शेते आहेत, बरेच तगर अजून मातीखाली आहे. ते पुढच्या पिढीच्या अभ्यासकांसाठी जागेवर राहू द्यावे.