मज्जारज्जूच्या आघातानंतरचा मूत्राघात : औषधयोजनेतील सावधानता

मणक्याच्या अपघातातून वाचलेला रुग्ण काही महिन्यांनी आपल्याकडे येतो, तेव्हा पायांतील बळाइतकीच चिंता त्याला मूत्राची असते. अशा वेळी आपली लेखणी सवयीने गोक्षुर, पुनर्नवा, वरुण यांकडे वळते. परंतु येथे मूत्राची निर्मिती मंदावलेली नसते. बिघडलेले असते ते त्याचे धारण व उत्सर्जन. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील मूत्रजठरात नाभीखाली आध्मान व तीव्र वेदना सांगितली आहे. आपल्या या रुग्णात आध्मान असते. संवेदना गेल्यामुळे वेदना मात्र बहुधा कळत नाही. धोका तेथेच आहे.

आघातानंतर पहिले काही आठवडे मूत्राशय शिथिल राहते. पुढे आघात त्रिकभागातील मूत्रकेंद्राच्या वर असल्यास ते वारंवार आकुंचन पावते. त्याच वेळी मूत्रद्वाराची संकोचक पेशीही आवळली जाते. त्यामुळे आतील दाब वाढून मूत्र वृक्कांकडे उलटू शकते. आघात त्रिकभागीच असल्यास मूत्राशय शिथिल राहून तुंबते व थेंबथेंब गळते. दोन्ही अवस्थांत गळती दिसते. चिकित्सा मात्र भिन्न.

पहिल्या अवस्थेत आधुनिक वैद्यक ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनॅसिन अथवा मिराबेग्रॉन देते. ठराविक वेळी नळीने मूत्र काढणे हा उपचाराचा पाया असतो. गोळ्यांनी न भागल्यास मूत्राशयाच्या भित्तीत बोटुलिनम टॉक्सिन टोचतात. टॅम्सुलोसिन मूत्रमार्गातील अवरोध कमी करण्यासाठी दिले जाते.

यांपैकी पहिल्या तीन औषधांनी मुखशोष व मलावष्टंभ होतो आणि त्याच तक्रारी घेऊन रुग्ण आपल्याकडे येतो. मलावष्टंभाची चिकित्सा अवश्य करावी. मूळ गोळी मात्र परस्पर बंद करू नये. ती थांबताच दाब पुन्हा वाढतो आणि वृक्कांची हानी मुकाट्याने होत राहते.

पारसीक यवानी व धत्तूर यांचे कार्य या गोळ्यांसारखेच असल्याने एकत्र दिल्यास मूत्रावरोध बळावतो. सर्पगंधाघन वटीच्या काही पाठांत पारसीक यवानी असते, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे. टॅम्सुलोसिनसोबत सर्पगंधा दिल्यास रक्तदाब अतिशय उतरू शकतो. कुपीलू मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया वाढवतो; पाय आखडणाऱ्या रुग्णास विषतिंदुक वटी देण्यापूर्वी दहादा विचार करावा. मूत्र साठून राहत असता मूत्रल द्रव्ये देणे म्हणजे तुंबलेल्या तलावात पाणी सोडणे होय.

वक्षभागाच्या सहाव्या पातळीवर अथवा तिच्या वर आघात असलेल्या रुग्णास अकस्मात तीव्र शिरःशूल, चेहऱ्यावर लाली व घाम आल्यास तो पित्तप्रकोप समजू नये. तुंबलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब प्राणघातक पातळीस जाऊ शकतो. रुग्णास बसते करावे, कपडे सैल करावेत, नळी मुडपली आहे काय ते पाहावे आणि विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

म्हणूनच आमचे वैद्यबंधूंस व औषधविक्रेत्यांस सांगणे आहे : मूत्राचे कोणतेही औषध देण्यापूर्वी आघाताची पातळी, मूत्र काढण्याची पद्धत आणि चालू गोळ्या या तीन गोष्टी विचाराव्यात. अपानाची चिकित्सा त्यानंतर.