पदवी घ्यावी, की कामात मुरावे?

तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन कारखान्यात लागलेला तरुण चारपाच वर्षांनी आम्हांस विचारतो, "नोकरी सोडून पदवी घेऊ का?" घरी त्याच्या पगाराकडे डोळे लावून बसलेली माणसे असतात, तेव्हा हा प्रश्न नुसत्या वादाचा नव्हे. पदविकाधारकास पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आणखी तीन वर्षे. फीचा हिशेब सगळेच करतात, तीन वर्षांचा बुडणारा पगार मात्र पुष्कळजण विसरतात.

कोल्हापूरकडील एखाद्या फाउंड्रीत जाऊन पाहावे. मुरलेला मोल्डर वाळू मुठीत दाबून तिची ओल ओळखतो. ही विद्या महाविद्यालयात मिळत नाही. परंतु ओतीव मालात छिद्रे पडू लागली आणि गिऱ्हाइकाने लेखी कारण मागितले, की मूठ पुरत नाही. वाळूतील ओलाव्याचे प्रमाण, तिच्यातून वायू कितपत निसटतो, धातू किती तापला होता, हे सारे आकड्यांत मांडावे लागते. येथे शिक्षण उपयोगी पडते. आणि ज्याने आधी वाळू हाताळली आहे त्यास ते लवकर उमगते. म्हणून कामाने ज्याच्यापुढे असे प्रश्न उभे केले असतील त्याने अवश्य शिकावे, असे आम्हांस वाटते. नावापुढे चार अक्षरे लागावीत एवढ्यासाठी नोकरी सोडणे आम्हांस पटत नाही.

सरकारी नोकरीची गोष्ट निराळी. तेथे वरच्या पदास पदवी हवी असे नियमात असेल, तर वीस वर्षांचा अनुभवही तोकडा पडतो. मग मिळेल ती पदवी पदरात पाडून घेण्याचा मोह होतो. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना नव्याने परीक्षा द्यावी लागली. नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या रद्दच झाल्या. नोकरी सांभाळून, बढतीच्या आशेने रात्री जागून अभ्यास केलेली माणसे त्यांत होती. दोष पाहू गेल्यास मान्यता नसता अभ्यासक्रम चालविणाऱ्यांचा. भोगले मात्र विद्यार्थ्यांनी.

म्हणून सरकारी खात्यातला तरुण आला, की आम्ही त्यास प्रथम त्याच्याच कचेरीतल्या आस्थापना शाखेत धाडतो. वरच्या पदाचे सेवाप्रवेश नियम वाच, कोणती पदवी चालते ते लेखी विचार, शिक्षणासाठी रजा मिळते का तेही पाहा, आणि मगच प्रवेशअर्जाला हात लाव.