आधी इस्त्री बाहेर, मग कूलर आत

लगीनसराई आणि मे महिना आपल्याकडे हातात हात घालून येतात. ब्लाउजपिसांचा ढीग वाढत असतो आणि नेमकी तेव्हाच माडीवरची किंवा पत्र्याखालची शिलाईची खोली दुपारी धगधगत असते. घाम सॅटिनवर टपकून डाग पडतो, टीप वाकडी जाते आणि ती उसवण्यात वेळ जातो. मग आपण वैतागून कूलर आणतो. खरं तर कूलर हे शेवटचं पाऊल. त्याआधीची पावलं क्रमाने उचलली, तर पुष्कळदा लहान कूलरवरही भागतं.

पहिलं काम फुकटचं आहे. दुपारी चार वाजता चारही भिंतींना हात लावून पाहावा. पंखा बंद करून स्टुलावर उभं राहावं आणि छताजवळ तळहात न्यावा. जिथे धग जास्त, तिथून सुरुवात करायची.

पत्रा भर दुपारी तापतो आणि ऊन उतरलं की लवकर निवतो. स्लॅबचं तसं नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि ती उष्णता काही तासांनी खाली सोडतो. म्हणून संध्याकाळी सात वाजता अंगणात वारा सुटलेला असला, तरी खोलीत उकडतच असतं.

स्लॅबवर उपाय जुनाच, पांढरा चुना. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो. चुन्यात थोडा डिंक मिसळला की तो जास्त टिकतो. इथे चुका दोन होतात. गच्चीवरची धूळ न झाडताच चुना लावला जातो, किंवा भर उन्हात तापलेल्या स्लॅबवर लावला जातो. दोन्हींमुळे त्याचे पोपडे सुटतात. गच्ची धुऊन, ओलसर असताना, सकाळी किंवा संध्याकाळी दोन हात द्यावेत. हे काम मार्चमध्येच उरकावं.

पत्र्याखाली दुसरं छत घालायचं असेल, तर दोन्हींमध्ये वीतभर पोकळी ठेवावी आणि तिची दोन्ही टोकं उघडी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा बाहेर निघून जाते. स्वस्त पडतं म्हणून थर्माकोल मात्र लावू नये. तो पटकन पेट घेतो, आणि शिलाईच्या खोलीत इस्त्री, कापड, चिंध्या सगळं हाताशीच असतं.

आता पश्चिमेची खिडकी. आपण आतून जाड पडदा लावतो, पण ऊन काचेतून आत आलं की त्याची उष्णता बहुतांशी खोलीतच राहते. आडोसा खिडकीच्या बाहेर हवा. बांबूची चिक किंवा रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी चालते. मशीन उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीशी ठेवावं. तिथे दुपारी उजेड मिळतो, पण थेट ऊन येत नाही.

इतकं करूनही उकाडा राहिला, तर त्याचं कारण बहुधा खोलीतच असतं, आणि ते म्हणजे इस्त्री. बसून काम करणारा माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. घरगुती इस्त्री तापत असते तेव्हा १,००० वॅट सोडते. म्हणजे तेवढा वेळ आणखी दहा माणसं खोलीत येऊन बसल्यासारखंच झालं.

म्हणून जमलं तर इस्त्रीचं टेबल व्हरांड्यात, पॅसेजमध्ये किंवा निदान दाराशी हलवावं. नेहमीची चूक अशी की, प्रत्येक टीप दाबायला लागते म्हणून इस्त्री दिवसभर लावलेलीच असते. त्याऐवजी पाच-सहा ब्लाउज एका टप्प्यापर्यंत शिवून घ्यावेत आणि त्यांची इस्त्री एकदमच करावी. मधल्या वेळेत सुती कापडाची शिवण नखाने दाबून भागतं.

मशीनवरचा जुना पिवळा बल्ब थेट चेहऱ्यावर तापतो, त्याच्या जागी एलईडी बसवावा. आपलं मशीन मोठं, कारखान्याच्या धर्तीचं असेल, तर मोटार कोणती आहे तेही पाहावं. क्लच मोटार बटण दाबल्यापासून अखंड फिरत असते, आपण दोरा ओवत असलो तरीही. सर्व्हो मोटार पायाखालची पट्टी दाबली तेवढीच फिरते. तिने वीजही वाचते आणि मांडीजवळची ऊबही कमी होते.

यानंतर हवा खेळती ठेवायची. उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहावं. तो एका जागी घोटाळत असेल, तर हवेला बाहेर जायला वाट नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा, म्हणजे एक्झॉस्ट, उंचावर आणि उघड्या खिडकीच्या समोरच्या भिंतीत हवा. तो खिडकीला लागूनच बसवला, तर त्याच खिडकीतली हवा ओढून बाहेर टाकतो आणि खोली होती तशीच राहते.

विदर्भ-मराठवाड्यात सकाळी नऊ-दहाला खिडक्या लावून घ्याव्यात आणि रात्री सताड उघडाव्यात. दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली असते, तिला आत बोलावण्यात अर्थ नाही. कोकणात आणि मुंबईत मात्र दुपारी समुद्रावरून वारा येतो, तिथे खिडक्या उघड्याच बऱ्या.

पंखा हवा गार करत नाही, तो घाम सुकवतो. त्यामुळे रिकाम्या खोलीत तो चालू ठेवणं म्हणजे फुकटचं बिल. पण फर्मे उडतात म्हणून आपण कटिंगच्या वेळी पंखा बंद करतो आणि मग तो तसाच विसरतो. फर्म्यांवर वजनं ठेवावीत. कटिंग पहाटे, गारव्यात करावं. शिवताना छताच्या पंख्याऐवजी टेबलफॅन बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवावा, म्हणजे वारा अंगाला लागतो आणि जॉर्जेट जागेवर राहतं.

आता कूलर. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून कोरड्या हवेत तो दहा अंशांपर्यंत फरक पाडू शकतो. दमट कोकणात तो निव्वळ चिकचिक वाढवतो. कूलर लावून दार-खिडक्या बंद करणं ही सर्वांत मोठी चूक. ओलावा आतच कोंडतो आणि थोड्या वेळात गारवा संपतो. समोरची खिडकी अर्धी उघडी हवी. झोत मशीनवर किंवा कापडावर नको, कारण ओलाव्याने सुया, टाचण्या, बॉबिन गंजतात आणि रेशमावर पाण्याचे ठिपके उठतात.

एसी घ्यायचा असेल तर एक हिशेब मनात ठेवावा. एक टनाचा एसी खोलीतून सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. आत इस्त्री तापत असेल, तर तेवढा वेळ त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त गारवा तिच्यावरच खर्च होतो.

शेवटी आपलं अंग. माठ हाताशी ठेवावा आणि तहानेची वाट न पाहता अधूनमधून पाणी, ताक, पन्हं घ्यावं. मांडीवर सुती पंचा टाकावा, घाम त्यात जिरतो आणि कापड वाचतं. दुपारी मशीनला विश्रांती देऊन काज-बटण, हुक, फॉल अशी हातशिलाई घ्यावी. गरगरलं, मळमळलं तर काम तिथेच थांबवून गार जागी आडवं व्हावं. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला, तर अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत लगेच १०८ला फोन करावा.

आणि माप घेतानाच एक काळजी घ्यावी. मे महिन्यात कामाला दोन दिवस जास्त लागतात, हे गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगून टाकावं. हळदीच्या आदल्या दिवशीचा वायदा केला, की मशीनची दुपारची विश्रांतीच सर्वांत आधी जाते.