पिवळा रंग नसलेली स्क्रीन

मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा आणि त्यातून बघा. पांढरं काहीच दिसणार नाही. दिसतील ते लाल, हिरवे आणि निळे ठिपके! थेंब भिंगाचं काम करतो आणि स्क्रीनचं गुपित फुटतं. हळदीचा, झेंडूचा, आंब्याचा पिवळा रंग स्क्रीनवर तयारच होत नाही. लाल आणि हिरवा ठिपका शेजारीशेजारी उजळतात, पिवळा आपले डोळे आणि मेंदू मिळून घडवतात. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर या तिघांच्या मेळातून १,६७,७७,२१६ छटा निघतात. फोर-के मॉनिटरवर ८२,९४,४०० पिक्सेल असतात आणि प्रत्येकात तीन ठिपके, म्हणजे टेबलावर जवळपास अडीच कोटी ठिपके!

या सगळ्याची सुरुवात गाजरापासून झाली. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश राइनित्झर हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवून बघत होते. १४५.५ अंश सेल्सिअसला ते वितळलं, पण गढूळ राहिलं. १७८.५ अंशांना ते एकदम नितळ झालं. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! या दोन तापमानांच्या मधली, धड घन नाही आणि धड द्रवही नाही अशी अवस्था म्हणजे लिक्विड क्रिस्टल.

आपल्या बहुतेक मॉनिटरमध्ये पाठीमागे एक दिवा सतत जळत असतो आणि त्याच्यापुढे या लिक्विड क्रिस्टलच्या लाखो झडपा उघडमीट करत असतात. हीच एलसीडी, म्हणजे लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले. दुकानात 'एलईडी मॉनिटर' म्हणून मिळतो, तोही मुळात एलसीडीच असतो, फक्त मागचा दिवा एलईडीचा. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो डोळ्यांसमोर धरून एलसीडीकडे बघा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात अख्खी स्क्रीन काळीठिक्कर पडते, कारण झडपांतून येणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावत असतो.

इथे एक भारतीय नाव आवर्जून सांगायला हवं. १९७७ साली बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंपासून बनणारे लिक्विड क्रिस्टल शोधले. तोवर लिक्विड क्रिस्टलचे रेणू काडीसारखे लांबटच असतात, असा समज होता. पुढे अशाच चकत्यांच्या पातळ फिल्ममुळे एलसीडी बाजूने बघितली तरी नीट दिसू लागली. पाठ्यपुस्तकात चंद्रशेखर म्हटलं की ताऱ्यांवर काम करणारे तेवढे भेटतात, या चंद्रशेखरांनाही तिथे जागा मिळायला हवी.

दिवा सतत जळत असल्यामुळे एलसीडीचा काळा रंग कधीच पुरता काळा नसतो. अंधाऱ्या खोलीत सिनेमा लावा, वरखालच्या काळ्या पट्ट्या राखाडी दिसतील. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्यासाठी चक्क विझतो. या तंत्राचा पाया १९८७ साली घातला कोडॅकच्या संशोधकांनी, फोटोचे रोल विकणाऱ्या कंपनीच्या! मात्र दिवसभर एक्सेल उघडून बसणाऱ्यांनी ओएलईडी जपून घ्यावा. जागचं न हलणारं चित्र, उदाहरणार्थ खालचा टास्कबार, त्यावर कायमचा डाग ठेवू शकतं. एलसीडीतही पोटभेद आहेत. टीएनचे रंग खालून बघितले की उलटेपालटे होतात, व्हीएचा काळा गडद असतो आणि आयपीएसचे रंग कुठूनही बघा, फारसे हलत नाहीत. चारचौघांनी मिळून बघायचं असेल तर आयपीएस.

आता टेप घ्या. स्क्रीनचे इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. म्हणून मोठा आकडा फसवू शकतो. जुना, जवळपास चौकोनी १९ इंची मॉनिटर सुमारे ३० सेंटिमीटर उंच असायचा आणि आजचा रुंद २४ इंचीही तेवढाच उंच असतो! वाढली ती फक्त रुंदी. लांबच्या लांब मजकूर वाचणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि मराठी वाचणाऱ्याने तर इंचांआधी पिक्सेलची दाटी बघावी. माझा हा आग्रहच आहे. विंडोजमध्ये साध्या मांडणीत १२ पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला १६ पिक्सेलची उंची येते. तेवढ्यात शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार किंवा पाय मोडल्याची खूण, असं सगळं बसवायचं. इंग्रजी अक्षरांवर एवढा भार नसतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला फरक अशा वेळी एकदोन पिक्सेलवर येऊन ठेपतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लिअरटाइपने लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा वेगवेगळा वापर करून अक्षरं सुबक केली खरी, पण ठिपके आडव्या ओळीत असल्यामुळे फायदा होतो तो उभ्या रेघांना. शिरोरेषा आणि तिच्यावरखालचा संसार त्या लाभापासून बराचसा वंचित राहतो. म्हणूनच विंडोज २००० मध्ये आलेल्या 'मंगल' या देवनागरी फॉन्टचं मोल मोठं आहे. तो मुंबईत घडवला अक्षरांचे जाणकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी, दाटीवाटीच्या पिक्सेलचं सुख नव्हतं त्या काळात.

२७ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल येतात, २४ इंचीवर ९२ आणि २७ इंची फोर-केवर १६३. मराठी प्रुफं वाचणाऱ्याने, टाइप करणाऱ्याने त्याच पैशात मोठ्या फुल एचडीपेक्षा लहान आणि दाट स्क्रीन घ्यावी. डोळे दुवा देतील.

चांगली स्क्रीन आणून जुनी केबल लावली की मात्र सगळं पाण्यात. दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं निळं, १५ पिनांचं व्हीजीए १९८७ साली आयबीएमने आणलं. ते अजून कित्येक प्रोजेक्टरना चिकटून आहे. एचडीएमआयला १९ पिना, डिस्प्लेपोर्टला २०. डिस्प्लेपोर्टला बहुधा खटका असतो, तो दाबल्याशिवाय केबल ओढू नका. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, म्हणून माउसचा बाण अडखळत चालतो. दोष मॉनिटरचा नसतो. टाइप-सी तर वरून सगळी सारखीच. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून चित्र येत नाही आणि प्रत्येक लॅपटॉपचं प्रत्येक टाइप-सी पोर्टही चित्र देत नाही. पोर्टशेजारी थंडरबोल्टचा बाण किंवा डिस्प्लेपोर्टची खूण आहे का, ते आधी बघा. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डला नको.

आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला असेल तर आजच विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधलं 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा. तिथे बऱ्याचदा ६० च निवडलेलं असतं. ते बदललं की दोन चित्रांमधलं अंतर १६.७ मिलिसेकंदांवरून ७ मिलिसेकंदांच्या आत येतं, आणि पान वरखाली सरकवताना पहिल्याच झटक्यात फरक कळतो.