साडेचार मणांचा मल्ल

केंद्र सरकारने १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मण, शेर, छटाक यांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला, त्या काळात दुकानदारांच्या सोयीसाठी छापलेल्या रूपांतराच्या तक्त्यांपैकी एक, कोपरे झिजलेला आणि घडीवर फाटलेला, डोंबिवली पूर्वेच्या एका रद्दीवाल्याकडे मला पुष्कळ वर्षांपूर्वी मिळाला, आणि तेव्हापासून तो माझ्या मेजाच्या काचेखाली आहे. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, चाळीस शेरांचा पक्का मण म्हणजे ३७.३२ किलो, असा हा गूळ, तूर आणि तांदूळ यांच्यासाठी सिद्ध झालेला हिशेब; परंतु कुस्तीचे वेड लहानपणापासून अंगात भिनलेले असल्यामुळे मी त्यावर मल्लांची वजने मोजू लागलो, आणि पहिले नाव अर्थातच खाशाबा जाधवांचे घेतले. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये १९५२ साली ज्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले त्याची मर्यादा ५७ किलोंची. पक्क्या मणाने हा माणूस दीड मणाच्या किंचित वर भरतो; आणि जुन्या मुंबई इलाख्यात चालणारा, २८ रत्तलांचा (पौंडांचा) म्हणजे १२.७ किलोंचा मण लावला, तर तोच माणूस जवळजवळ साडेचार मणांचा होतो. शरीर एकच, आखाड्यातील ताकद एकच. पण कोणत्या मुलखाचा काटा आणि कोणत्या सरकारचा मण, यावर आकडा तिप्पट होतो किंवा तृतीयांशावर येतो. या नादातून पुढे मी जे वाचीत गेलो आणि जुन्या मंडळींना विचारीत गेलो, त्यातून माझा एक ग्रह पक्का झाला: महाराष्ट्राच्या कुस्तीला जगात जे पहिले नाव मिळाले ते तराजूच्या आश्रयाने मिळाले, आणि त्या तराजूचे ऋण आपण अद्याप मानलेले नाही.

आपल्या आखाड्याला तराजू ठाऊकच नव्हता. कल्याण-डोंबिवलीच्या पंचक्रोशीतील आगरी गावांच्या जत्रांत ज्यांनी फड पाहिला आहे त्यांना जोड कशी लागते हे सांगावयास नको. इच्छुक मल्ल लंगोट कसून, अंगाला माती लावून कडेला उभा राहतो. पंच त्याच्या मानेवर पंजा ठेवतो, खांद्यावरून हात फिरवितो, मांडीवर एक थाप मारतो, आणि मग गर्दीत नजर टाकून त्याच्या तोडीचा दुसरा हुडकून काढतो. दोघांचे हात धरून त्यांना हलगीच्या तालावर फडाभोवती फिरविले जाते, तेवढ्यात एखादा जाणता वस्ताद बसल्या जागेवरून ‘जोड लहानमोठी हाय’ असे ओरडला की ती मोडते आणि दुसरी शोधली जाते. या डोळ्याच्या मापाला मी कमी लेखीत नाही. वय, उंची, हाडपेर, मेहनतीची वर्षे आणि डोळ्यांतील धीटपणा ही सर्व एका दृष्टिक्षेपात जोखणारी ती विद्या होती, आणि कोणत्याही यंत्राला ती अद्याप साधलेली नाही. पण तिच्या न्यायाची हद्द आखलेली होती. जोड तुल्यबळ लागली तरी इनाम तुल्य नसे. रेवड्यांवरची आणि नारळाची कुस्ती लहान चणीच्या मल्लांची, आणि दिवस कलताना लागणारी मोठ्या इनामाची, ज्यासाठी लोक दहा कोसांवरून येत, ती भरदार देहाची. बारीक अंगाच्या मल्लाने कितीही डाव शिकले तरी त्याची कुस्ती दुपारच्या उन्हातच व्हावयाची.

असा एक बारीक अंगाचा मराठी मल्ल १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला, आणि त्याचे नाव आज कुस्तीच्या शौकिनांतही शेकडा नव्याण्णवांना ठाऊक नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने भरविलेल्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात हिंदुस्थानचा संघ पाठविण्याची तजवीज आकाराला आली. त्या संघात चार धावपटू आणि दोन कुस्तीगीर निवडले गेले. धावपटूंपैकी बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमुळे थोडेफार आठवणीत राहिले. कुस्तीगीर रणधीर शिंदे आणि कुमार नवले मात्र विस्मरणात गेले. नवले पहिल्याच फेरीत एका अमेरिकन मल्लाकडून हरले. शिंदे फेदरवेट गटात, म्हणजे ६० किलोंच्या आत, उतरले. माझ्या तक्त्याप्रमाणे १ मण २४ शेर. त्यांनी एका ब्रिटिश मल्लाला हरविले. पारतंत्र्याच्या त्या काळात, लाल मातीवर वाढलेल्या एका हिंदी तरुणाने गादीवर, परक्या नियमांनी, राज्यकर्त्यांच्या देशाच्या मल्लाला नमवावे, ही घटना आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीचीही धनी होऊ नये याचा मला मनस्वी विषाद वाटतो. पुढे अमेरिकेच्या सॅम्युअल गर्सनने त्यांना थोपविले, कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनच्या पीटर बर्नार्डकडून ते हरले, आणि चौथ्या क्रमांकावर राहिले. ऑलिंपिकच्या दप्तरात त्यांचे आडनावही ‘शिंदेस’ असे चुकीचे चढले आहे. गावच्या फडात शिंद्यांना कोणती कुस्ती मिळाली असती याचा विचार करावा, म्हणजे ६० किलोंच्या त्या रेषेने त्यांच्यासाठी केवढे दार उघडले ते कळते.

हे दार पुढे रुंद केले खाशाबांनी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेल्या, पैलवान वडिलांच्या या धाकट्या मुलाची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तिचा प्रसिद्ध भाग मी ओलांडून जातो: कोल्हापूरच्या महाराजांनी १९४८ साली लंडनला पाठविणे, चार वर्षांनी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे करणे, परतल्यावर निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक, आणि पुढे पोलीस खात्यातील वर्षानुवर्षांची उपेक्षा. मला थांबावयाचे आहे ते वजनापाशी. लंडनला खाशाबा ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात खेळले आणि सहावे आले. हेलसिंकीला ते ५७ किलोंच्या बँटमवेट गटात उतरले. मधले अंतर पाच किलोंचे, म्हणजे साधारण पाच शेर सहा छटाक. बाजारात ही पिशवीभर डाळ. पण ५२ किलोंच्या शरीरावर ती एकदशांशाच्या जवळ जाते. इतकी वाढ घेऊन वरच्या गटात जाणे म्हणजे हाडाने मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या पंक्तीला जाऊन बसणे, आणि त्या वाढीबरोबर चपळाई टिकविणे. खाशाबांनी ती टिकविली. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना त्यांनी मागे टाकले. जपानच्या शोहाची इशीने, जो पुढे सुवर्णपदक घेऊन गेला, त्यांना गुणांवर हरविले. आणि त्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर नियमाची अर्ध्या तासाची विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद ममदबेयोवसमोर उभे राहावे लागले, त्यांच्या वतीने हरकत घेण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत सांगतात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय, आणि दुसरे येण्यास १९९६ उजाडावे लागले. त्याच हेलसिंकीत ६२ किलोंच्या गटात कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. शिंदे, जाधव, माणगावे: तिघेही हलक्या गटांचे, आणि वजनाची रेषा आखलेली नसती तर तिघांपैकी एकही त्या गादीपर्यंत पोहोचता ना.

या रेषा आल्या कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बँटमची मर्यादा ११९ रत्तलांची होती आणि फेदरची १३३ रत्तलांची. हे आकडे चौदा रत्तलांच्या इंग्रजी स्टोनमध्ये मांडले की बरोबर साडेआठ आणि साडेनऊ येतात. त्याआधी १९०४ साली सेंट लुईसला अमेरिकनांनी ११५, १२५, १३५ असे दहा-दहा रत्तलांनी गट पाडले होते. ११५ रत्तल म्हणजे ५२.१६ किलो, आणि १२५ रत्तल म्हणजे ५६.७० किलो. खाशाबांचे ५२ आणि ५७ यांच्या इतके जवळ हे आकडे येतात की किलोंच्या पोशाखात मला ते जुने रत्तलच दिसतात. शरीरशास्त्राने या सीमा ठरविल्या नाहीत. सोयीच्या पूर्णांकांनी ठरविल्या, आणि माणसांची शरीरे त्यांत बसविली गेली.

त्या बसविण्यातूनच आजचे दुखणे उद्भवले आहे. माणसाच्या शरीरातून एक लिटर पाणी गेले की काटा एक किलोने खाली येतो. चरबी झडावयास आठवडे लागतात, पाणी एका रात्रीत निघते. म्हणून मल्ल आपल्या स्वाभाविक वजनाहून खालच्या गटात नाव घालतात, रबरी कपडे चढवून धावतात, वाफेच्या खोलीत बसतात, आणि काट्यावरून उतरताच पाणी पिऊन मूळ वजनाकडे परततात. १९९७ सालच्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर याच खटाटोपात मरण पावले, तेव्हा तेथील नियम बदलले. जागतिक संघटनेने २०१८ पासून स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन करण्याचा दंडक घातला. हेतू योग्य होता: काल हलका आणि आज जड अशी फसवणूक होऊ नये. पण त्या कलमाचे दुसरे टोक भारताच्या विनेश फोगाटला लागले. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलोंच्या गटात तिने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या, त्यांत आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर अपराजित असलेल्या जपानच्या युई सुसाकीवरचा विजयही होता. आणि रात्रभर न खाता, न पिता, केस कापूनही, दुसऱ्या सकाळी काटा १०० ग्रॅमने वर राहिला. काचेखालच्या तक्त्यावर मी ते मोजले: साडेआठ तोळे. अंतिम लढतीतून तिला वगळणे मी समजू शकतो. पण आदल्या दिवशी वजन रीतसर भरून, रीतसर जिंकलेल्या तीन कुस्त्या त्या साडेआठ तोळ्यांखाली गाडून तिला शेवटच्या क्रमांकावर ढकलणे हा माझ्या मते अन्याय आहे, आणि क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला म्हणून तो न्याय होत नाही. १४ ऑगस्ट हीच तारीख, चाळीस वर्षांपूर्वी, १९८४ साली, खाशाबांच्या अपघाती मृत्यूची आहे. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने उपांत्य कुस्तीनंतर सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवून कांस्यपदक घेतले. गट होता ५७ किलोंचा, खाशाबांचाच. आपण त्या रात्रीचे कौतुक केले. त्या मुलाच्या जिद्दीला माझाही प्रणाम आहे, पण जी व्यवस्था एकवीस वर्षांच्या मुलाकडून हे मागते तिचे कौतुक माझ्याने होत नाही.

आणखी एक गोष्ट तक्त्यावर बोट फिरवितानाच ध्यानात आली. १९५२ साली ५७ किलो हा खालून दुसरा गट होता. आज ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी तोच सर्वांत हलका आहे. त्यावर ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. लंडनला सहावा आलेला ५२ किलोंचा खाशाबा आज आला तर त्याच्यासाठी गटच नाही. आणि मधल्या दऱ्या इतक्या रुंद की अनेकांचे पाय त्यांत अडकतात. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हे त्याचे आपल्या घरचे उदाहरण. २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंत सुवर्ण, २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य. पण ६१ हा गट ऑलिंपिकच्या यादीत नाही. एकतर चार किलो झिजा, नाहीतर चार किलोंनी थोरांशी झुंजा, एवढाच पर्याय जागतिक पदक मिळविणाऱ्या मल्लापुढे राहतो.

वजनाचे हे दुखणे कुस्तीपुरते नाही. कबड्डीत वजन संघातील प्रत्येकाला लागू होणारी कमाल मर्यादा म्हणून येते, आणि ठाणे जिल्ह्यात त्याचा जाच कुस्तीहून अधिक घरांपर्यंत पोहोचलेला आहे. ‘५५ किलो वजनी गट’ असे फलक आमच्याकडे हिवाळ्यात नाक्यानाक्यावर लागतात. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी लाकडाच्या वखारीतील काट्यावर चढणारी मुले मी पाहिली आहेत. रेल्वेच्या फलाटावरील लाल दिव्यांच्या यंत्रात नाणे टाकून, पुठ्ठ्याच्या तिकिटावर छापून आलेला आकडा एकमेकांना दाखविणारीही. त्यातला एक, ओठ सुकलेला, सकाळपासून थुंकत होता. थुंकीनेही वजन उतरते असे त्याला कोणी सांगितले होते. पंधरा वर्षांच्या वाढत्या मुलाला दोन दिवस उपाशी ठेवून संघात बसविणाऱ्या शिक्षकाला आणि कार्यकर्त्याला त्या खेळाचे हित कळत नाही असे मी स्पष्ट म्हणतो. किशोर गटाची मर्यादा त्याच्या संरक्षणासाठी आहे; मुलगा तिच्यापलीकडे वाढला तर त्याला वरच्या गटात खेळवावे.

आणि सरतेशेवटी महाराष्ट्र केसरी. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या या किताबाची गदा आज ८६ ते १२५ किलोंच्या खुल्या गटाला मिळते, आणि ज्या राज्याचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ५७ किलोंच्या मल्लाने आणले त्या राज्यात ५७ किलोंचा विजेता कोण, हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शोधावे लागते. त्याच्या कुस्त्या अधिवेशनाच्या आरंभीच्या दिवसांत उरकल्या जातात, जेव्हा मंडपातील निम्म्या खुर्च्या मोकळ्या असतात. कुस्तीगीर परिषदेला माझी विनंती आहे की ५७ किलोंची अंतिम कुस्ती गदेच्या कुस्तीच्या आधी, त्याच संध्याकाळी, त्याच दिव्यांखाली लावावी, तिला खाशाबा जाधवांचे नाव द्यावे, आणि ६० किलोंच्या आसपासच्या एखाद्या बक्षिसाला रणधीर शिंदे यांचे.