प्रवासापूर्वीची ऑनलाइन परवानगी : ईटीएविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

काही देशांच्या नागरिकांना पर्यटन, नातेवाइकांची भेट किंवा व्यवसायाच्या बैठकीसाठी दुसऱ्या देशात व्हिसाशिवाय जाण्याची सवलत असते. अशा पाहुण्यांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्यायची मंजुरी म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, म्हणजेच ईटीए. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये ही पद्धत सुरू केली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक होत गेले आणि २००७ च्या कायद्यातून ‘एस्टा’ ही तिथली ईटीए आली. १२ जानेवारी २००९ पासून ती सक्तीची आहे. पुढे कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण कोरिया आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्याने ब्रिटन याच वाटेने गेले. व्हिसा लागत नसल्याने ज्या प्रवाशाची आधी काहीच तपासणी होत नव्हती, त्याची माहिती तो विमानात बसण्यापूर्वी हाती यावी, हा या सर्वांचा हेतू आहे.

गैरसमज : ईटीए म्हणजे ऑनलाइन मिळणारा व्हिसा.

वस्तुस्थिती : बहुतेक देशांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसासाठी सविस्तर अर्ज, कागदपत्रे, बोटांचे ठसे आणि काही वेळा मुलाखतही लागते. ईटीएच्या अर्जात पासपोर्टचा तपशील आणि गुन्हे, पूर्वीचा प्रवास वगैरेंबाबत मोजके प्रश्न असतात. गोंधळ होतो तो नावांमुळे. ऑस्ट्रेलियाची ईटीए तिथल्या कायद्याप्रमाणे व्हिसाचाच एक प्रकार आहे. भारताने नोव्हेंबर २०१४ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी आणलेल्या योजनेच्या नावातही ‘ईटीए’ हा शब्द होता. २०१५ मध्ये तिला ई-पर्यटक व्हिसा असे नाव मिळाले. तरीही अर्जदाराला ईमेलने येणाऱ्या मंजुरीला ईटीएच म्हणतात. तिची प्रत घेऊन प्रवासी उतरतो आणि विमानतळावर त्याच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसतो.

गैरसमज : भारतीय पासपोर्टवरही अमेरिका किंवा ब्रिटनची ईटीए काढता येते.

वस्तुस्थिती : अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसा-सवलतीच्या यादीत भारत नाही. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसाच घ्यावा लागतो. प्रवासी राहतो कुठे यापेक्षा त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, यावर हे ठरते. लंडनमध्ये स्थायिक होऊन ब्रिटिश नागरिक झालेली मुलगी एस्टावर न्यूयॉर्कला जाऊ शकते. नाशिकहून तिच्यासोबत निघालेल्या आईवडिलांना मात्र अमेरिकेचा व्हिसा लागतो. कॅनडाने एक अपवाद केला आहे. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला कॅनडात जाताना व्हिसा किंवा ईटीए लागत नाही, वैध पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड पुरते. तेच ग्रीन कार्ड ब्रिटनच्या पर्यटक व्हिसातून सूट देत नाही. उलट केनियाने जानेवारी २०२४ मध्ये व्हिसा बंद करून ईटीए आणली, ती भारतीयांनाही घ्यावी लागते.

गैरसमज : मंजुरी मिळाली की प्रवेश पक्का.

वस्तुस्थिती : ही मंजुरी विमानात बसण्यापुरती असते. चेक-इनच्या वेळी पासपोर्टच्या तळाशी असलेल्या, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी यंत्राने वाचल्या जातात. त्यातून मिळणारे नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक विमान कंपनी त्या देशाच्या यंत्रणेकडे पाठवते. नोंद जुळली तर बोर्डिंग पास निघतो. जुळली नाही तर प्रवाशाला काउंटरवरच थांबवले जाते, कारण योग्य कागदांशिवाय प्रवासी नेल्यास कंपनीला दंड भरावा लागतो. अर्जात शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप झाला, तरी जुळणी फसू शकते. देशात घ्यायचे की नाही, हा निर्णय उतरल्यानंतर इमिग्रेशन अधिकारी घेतो. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि भेटीचे कारण तो तेव्हा विचारू शकतो.

गैरसमज : परवानगी दोन वर्षांची असेल तर दोन वर्षे राहता येते.

वस्तुस्थिती : परवानगीची मुदत आणि मुक्कामाची मर्यादा वेगवेगळी असते. एस्टा साधारण दोन वर्षे चालते, पण एका भेटीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ब्रिटनची ईटीएही दोन वर्षांची असते, मुक्काम सहा महिन्यांपर्यंत. कॅनडाची पाच वर्षे चालते, मुक्काम बहुधा सहा महिनेच. ९० दिवस संपत आले की चार दिवस कॅनडा किंवा मेक्सिकोत काढून परतायचे, ही युक्तीही उपयोगाची नाही. शेजारच्या देशातली अशी छोटी फेरी सहसा त्याच ९० दिवसांत धरली जाते. नोकरी करण्याची मुभा तर यांपैकी कोणत्याही परवानगीत मिळत नाही.

गैरसमज : पासपोर्ट नवा काढला तरी जुनी परवानगी चालते.

वस्तुस्थिती : परवानगी पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेली असते. पासपोर्ट संपला, हरवला किंवा बदलला की ती बाद होते आणि नव्याने अर्ज करावा लागतो. दोन देशांचे नागरिकत्व असलेल्यांनी ज्या पासपोर्टवर परवानगी घेतली, तोच सोबत न्यावा. ब्रिटिश नागरिकाला मात्र दुसऱ्या पासपोर्टवर ब्रिटनची ईटीए घेता येत नाही. कुटुंबासाठी एकच अर्ज पुरतो हाही गैरसमज आहे. ब्रिटनच्या नियमांत तान्ह्या बाळालाही स्वतंत्र ईटीए लागते.

गैरसमज : नुसते विमान बदलायचे असेल तर काही लागत नाही.

वस्तुस्थिती : हे त्या विमानतळावर अवलंबून असते. अमेरिकेत विमान बदलणाऱ्यालाही इमिग्रेशनमधून जावे लागते, म्हणून एस्टा किंवा व्हिसा आवश्यक ठरतो. कॅनडामार्गे पुढे जाणाऱ्या, व्हिसा-सवलतीच्या देशांतील प्रवाशांनाही ईटीए लागते. ब्रिटनने हीथ्रो आणि मँचेस्टर इथे इमिग्रेशन न ओलांडता विमान बदलणाऱ्यांना जानेवारी २०२५ मध्ये सूट दिली. सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचे असेल, तर ही सूट मिळत नाही.

गैरसमज : थायलंडचा ऑनलाइन फॉर्म भरणे म्हणजेच ईटीए घेणे.

वस्तुस्थिती : थायलंडने १ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांना डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे केले. पूर्वी विमानात हाताने भरायच्या कागदी कार्डाची जागा त्याने घेतली. ते पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत मोफत भरता येते. सिंगापूरचे आगमन कार्डही असेच मोफत आहे, पण ते भरल्याने भारतीयाला सिंगापूरच्या व्हिसातून सूट मिळत नाही. आगमन कार्ड ही येण्याची सूचना असते, तिच्यात मंजुरी नसते.

गैरसमज : शोधल्यावर सर्वांत वर दिसणारी वेबसाइट सरकारी असते.

वस्तुस्थिती : वर दिसणारी साइट अनेकदा जाहिरात असते. सरकारी फॉर्मसारखाच फॉर्म दाखवून खाजगी मध्यस्थ कितीतरी पट पैसे घेतात. कॅनडाचे शुल्क अवघे सात कॅनेडियन डॉलर आहे. ब्रिटनने १० पौंडांचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १६ पौंड केले, तर अमेरिकेने २१ डॉलरचे शुल्क ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० डॉलर केले. शुल्क असे बदलत असल्याने अर्ज करताना सरकारी साइटवरचा आकडाच खरा मानावा. मंजुरी बहुधा लवकर येते, पण प्रत्येक वेळी नाही. म्हणून अमेरिका किमान ७२ तास आधी अर्ज करायला सांगते.

गैरसमज : ईटीए नाकारली म्हणजे त्या देशाची दारे बंद.

वस्तुस्थिती : नकाराचा अर्थ व्हिसाशिवाय जाण्याची सवलत मिळाली नाही, इतकाच असतो. अशा प्रवाशाला नेहमीच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो आणि तिथे त्याची बाजू सविस्तर तपासली जाते. २०१५ च्या अमेरिकी कायद्यानुसार, १ मार्च २०११ किंवा त्यानंतर इराण, इराक, सीरिया अशा देशांत जाऊन आलेल्यांना, काही अपवाद सोडले तर, एस्टा मिळत नाही. पुढे क्युबाची भेटही या नियमात आली. हवानाला सहल करून आलेला फ्रेंच पर्यटक त्यामुळे एस्टासाठी अपात्र ठरू शकतो. त्याने अमेरिकी वकिलातीत व्हिसाचा अर्ज करायचा असतो. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागू शकतो, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वीच आपली पात्रता तपासणे इष्ट.